अंबेच्या पात्रात अडलेला खान

खोपोलीत राहणाऱ्याला आटलेल्या नदीची सवय नसते. पाताळगंगा आमच्याकडे ऐन उन्हाळ्यातही वाहते, कारण घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी टाटांच्या वीजघरातून खाली येऊन तिच्यात पडतं. १९१५ पासून हे चालू आहे. त्यामुळे शिळफाट्याहून पालीच्या एसटीत बसून शेमडीला उतरलो आणि डावीकडे चावणीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा अंबा नदीही अशीच भेटेल असं धरून चाललो होतो.

फाट्यावरचा उंबरखिंडीचा फलक कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं निम्मा झाकला होता. शुभेच्छुकांचे फोटो मोजत बसलो नाही. पुढे चावणीजवळ नदीकाठी स्मारक आहे: ढाल, तलवार, भाला, धनुष्यबाण अशी शस्त्रं मांडलेला स्तंभ आणि ‘समरभूमी उंबरखिंड’ ही अक्षरं. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात नि परततात. खरी गोष्ट मात्र स्तंभाच्या पाठीमागे, पात्रात आहे.

चपला हातात घेऊन खाली उतरलो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. पाणी म्हणजे इथे एक डबकं, तिथे एक डबकं. मध्ये नुसते गोटे. पाऊल टाकावं तर गोटा कलंडतो, घोटा मुरगळतो. दोन्ही बाजूंना कारवी आणि करवंदीची गच्च जाळी, त्यामागे चढ. दुपारी वारा पार पडला होता. पाठीवर फक्त पिशवी असूनही माझा घसा कोरडा पडला. इथून तोफखान्याचं सामान, बैल, घोडी घेऊन फौज जायची होती!

शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला होता. कोकणातला शिवाजी महाराजांचा मुलूख जिंकायला त्यानं कारतलबखान उझबेगाला पाठवलं. सोबत माहूरची रायबागन, अमरसिंह, मित्रसेन, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे असे सरदार. बोरघाट सोडून खान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटानं तुंगारण्यात उतरला. कुणाला कळायच्या आत कोकणात पोचू, असा त्याचा होरा असावा. महाराजांच्या हेरांना तो कधीच कळला होता. २ फेब्रुवारी १६६१ ला पुढची वाट महाराजांनी अडवली, मागची नेताजी पालकरांनी, आणि झाडीतून बाण, गोळ्या, धोंडे यांचा मारा सुरू झाला. परमानंदाच्या ‘शिवभारता’त त्या निर्वात रानाचं आणि तहानेनं हैराण झालेल्या फौजेचं वर्णन आहे. ते घरी वाचताना कवीनं जरा रंगवलंय असं वाटतं. पात्रात उभं राहिलं की वाटत नाही.

रायबागननं खानाला खडसावलं आणि शरण जायचा सल्ला दिला. खानानं तो ऐकला, हे मला त्याचं शहाणपणच वाटतं. महाराजांनी खंडणी घेतली आणि सगळ्यांना जिवंत परत जाऊ दिलं. नंतर नेताजींना मागे ठेवून स्वतः दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर असे दक्षिण कोकणात उतरले. म्हणजे खानाला जे कोकण गाठायचं होतं, त्यातच महाराजांची पुढची मोहीम झाली. आपल्याकडे शूर मरणाच्या कथा चवीनं सांगतात. शत्रूला मोजून पैसे घेऊन सोडल्याची कथा तेवढी सांगत नाहीत. मला तर ही दुसरीच जास्त आवडते.

काठावर गुरं राखणारे एक बाबा बिडी ओढत बसले होते. “बाबा, पाणी एवढंच असतं का?” मी विचारलं.

“आत्ता एवढंच. पावसात ये, मंग बघ. हे गोटे उगं गोल झालेत व्हय?”

बाबा थट्टा करत नव्हते. हीच अंबा खाली जांभूळपाड्याला जाते, आणि जुलै १९८९ च्या पुरात तिनं ते गाव उद्ध्वस्त केलं होतं.

दरवर्षी २ फेब्रुवारीला इथे विजयदिन साजरा होतो, तेव्हा गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर त्यानंतर एखाद्या आडवारी या. पाण्याची बाटली घ्या, चपलांऐवजी बूट घाला, आणि स्तंभाशी न थांबता तासभर तरी पात्रातून वरच्या अंगाला चाला. पावसाळ्यात मात्र पात्रात पाय ठेवू नका.