उधारीचे ऊन

चंद्रपूरला ऊन देताना देवाने हात आखडता घेतलेला नाही. मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या पुढे गेला, तरी इथला माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाजारात जातोच. म्हणूनच पुण्याच्या पुतण्याचा फोन आला, "काका, माझा सरडा तुमच्याकडे ठेवू? तुमच्याकडे ऊन फुकट आहे," तेव्हा मला हसू आले.

सरडा ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी मुलखाचा. बाजारातले नाव 'बिअर्डेड ड्रॅगन'. हातभर लांबी, गळ्याला काटेरी दाढी. रागावला की दाढी काळी पडते. शरण जायचे असले की पुढचा एक पाय हळूच हलवतो. वहिनींना वाटले, तो टाटा करतो! तिथेच त्यांचा विरोध मावळला.

हौस मात्र नाजूक. काचपेटीच्या एका टोकाला ४० अंशांची ऊब हवी, दुसरे टोक थंड हवे. शिवाय अतिनील किरणांचा खास दिवा. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. त्यातले नेमके हवे ते किरण काच अडवते. ते मिळाले नाहीत, तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडतात. म्हणजे वाळवंटी प्राणी पाळायचा, तर त्याचा सूर्यही पाळावा लागतो.

पुतण्या शिक्षणासाठी परदेशी निघाला होता आणि असा सरडा दहा वर्षेही जगतो. मी विचारले, "उन्हाळ्याचे ठीक आहे, पण आषाढात काय करू?" आमच्याकडे तेव्हा चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. कोरड्या हवेच्या जिवाला ती ओल सोसायची नाही. "मग ताडोबाच्या जंगलात सोडला तर?" परक्या मुलखाचा प्राणी आपल्या रानात सोडणे म्हणजे त्याला मरायला धाडणे, नाहीतर रानाला नवा रोग देणे.

आमच्या रानाला त्याची घोरपड आहे. तानाजीच्या गोष्टीमुळे ती पोरासोरांना ठाऊक. पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, हौसेने घरी ठेवता येत नाही. आपल्या देशातला वाळवंटी सरडा म्हणजे कच्छ-राजस्थानचा सांडा. तोही संरक्षित. पण बहुतेकांना तो ठाऊक असतो तो पदपथावरच्या तेलाच्या बाटलीमुळेच.

गडचिरोलीतल्या हेमलकशाला मात्र प्राणी घरच्यासारखे वाढले. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला. पुढे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना शिकार घेऊन चाललेले माडिया भेटले. मेलेल्या वानरीला तिचे पिल्लू बिलगलेले होते. धान्याच्या बदल्यात त्यांनी ते मागून घेतले आणि तिथून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. तिथे प्राणी आले ते कुणाला हौस होती म्हणून नव्हे. त्यांना दुसरा आसरा नव्हता म्हणून. पाळणे आणि सांभाळणे यांतला फरक मला तिथे दिसतो.

हे सारे पुतण्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, त्याला माझी आठवण येईल का?" काय सांगणार? सरडा हातावर येऊन बसतो तो हात ऊबदार असतो म्हणून.

अखेर जबाबदारी घेतली वहिनींनी. रोज सकाळी आंघोळ करून त्या आधी काचपेटीचा दिवा लावतात, मग देवापुढचा. "देव थांबतो हो," त्या म्हणतात, "ह्याला थांबता येत नाही."