आमची सालाना फेहरिस्त

गाणी ऐकण्याचा शौक आम्हांला आहे आणि त्यांच्यावर मत देण्याचा त्याहून जास्त. पेशा उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवण्याचा, पदवी बी.एड.ची, संगीताची तालीम मात्र शून्य. तरीही दर डिसेंबरात सरत्या सालातल्या पसंतीच्या गाण्यांची फेहरिस्त आम्ही करतो. ती स्टाफरूममध्ये वाचली जाते, तिच्यावर वाद झडतात, हाच तिचा मोबदला.

गाण्यांना नंबर देण्याची गोडी या मुल्काला लावली अमीन सायानींनी. १९५२ साली रेडिओ सिलोनवर त्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. त्यांच्या आई कुलसुम सायानी 'रहबर' हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. त्या कामात अमीनसाहेब आईला मदत करीत, सोप्या हिंदुस्तानीचे धडे त्यांना तिथेच मिळाले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले. त्याच साली उस्ताद राशिद खान, पंकज उधास आणि उस्ताद झाकिर हुसेनही गेले. म्हणून २०२४ची फेहरिस्त आम्ही जरा जास्तच जबाबदारीने केली.

आमचे नियम तीन. गाणे त्याच सालातले हवे. जुनी रचना नव्या साजात आली तर तिला पहिला नंबर नाही. शब्द वहीत उतरवून, चाल बाजूला ठेवून वाचायचे. तरी उभे राहिले पाहिजेत. तिसरा, महिनाभर न ऐकता पुन्हा ऐकायचे. किती लोकांनी ऐकले हा आकडा आम्ही धरीत नाही. त्याची मोजदाद यंत्र करतेच.

त्या साली मे महिन्यात संजय लीला भन्साळींची 'हीरामंडी' आली. स्टाफरूमने निकाल आधीच लावून टाकला, "सर, यंदा पहिला नंबर आपल्या उर्दूचा!" 'सकल बन' कानाला गोड लागले, पण अमीर खुसरोंच्या नावाने चालत आलेली ती रचना पहिल्याच नियमात अडली. इतर गाण्यांतले उर्दू शब्द दस्तरखानावर मांडलेल्या चांदीच्या भांड्यांसारखे लखलखीत होते. आम्ही ते वहीत उतरवले. भांडी सुरेख होती, जेवण थोडे होते.

एप्रिलमध्ये आलेल्या इम्तियाज अलींच्या 'अमरसिंग चमकीला'मधले 'विदा करो' मात्र तिन्ही नियमांतून पार झाले. संगीत ए. आर. रहमान यांचे, शब्द मालेरकोटल्याच्या इर्शाद कामिल यांचे. पंजाबी गायक चमकीला आणि त्यांच्या पत्नी अमरजोत यांची ८ मार्च १९८८ रोजी गोळ्या घालून हत्या झाली. ज्या लोकांनी गाणी डोक्यावर घेतली आणि नावेही ठेवली, त्यांच्याचकडे गवई इथे निरोप मागतो. शब्द इतके साधे की पाचवीच्या मुलालाही अर्थ विचारावा लागू नये. 'विदा' तसा आमच्या 'अलविदा'च्या घराण्यातला. मराठीत गायकाला देतात ती बिदागीही त्याच घरची. म्हणजे उर्दू या गाण्यातही आहे, फक्त दागिने घालून आलेली नाही.

आम्ही पहिला नंबर त्याला दिला. दुसरा 'लापता लेडीज'मधल्या 'सजनी'ला. राम संपत यांची चाल आणि प्रशांत पांडे यांचे शब्द. 'हीरामंडी' तिसरी.

काही सहकारी नाराज झाले. आपल्याच जबानीला आपणच मागे टाकावे, हे त्यांना रुचले नाही. त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो. 'फिर'चे 'फ़िर' आणि 'फूल'चे 'फ़ूल' करणारे गळे रोज कानावर पडतात. शिकवलेला तलफ्फुज वर्गातली मुले संध्याकाळच्या गाण्यात हरवून येतात. अशा वेळी कुठेतरी शुद्ध उर्दू ऐकू आली की तिला डोक्यावर घ्यावेसे वाटतेच.

पण आम्ही पेपर तपासणारे लोक. नात्यातल्या मुलाला ग्रेस मार्क दिले की तो पास होतो, शिकत मात्र नाही. जबानीचेही तसेच आहे. तिच्यावर मोहब्बत असेल तर तिचाही पेपर त्याच लाल शाईने तपासावा. एखाद्या साली ती स्वतःच्या हिमतीवर पहिली येईल, तेव्हा तो नंबर कुणाला खैरात वाटणार नाही.