गारगोटीच्या गावाला

नाशिकहून पुण्याकडे निघाले की साधारण ३० किलोमीटरवर सिन्नर लागते. गाव जुने आहे. यादवांच्या काळातले गोंदेश्वराचे काळ्या दगडातले देऊळ येथे आहे आणि ते पाहावयास लांबून माणसे येतात. शेतकऱ्याला मात्र सिन्नर आठवते ते पाण्याच्या ओढीवरून. पाऊस पश्चिमेच्या डोंगरावर पडून जातो आणि तालुक्याचा पूर्वेकडचा भाग कोरडा राहतो. विहिरीवर यारी बसवावी, सुरुंग घेत घेत खाली जावे, आणि तळाला पुन्हा काळा पाषाणच लागावा, हा इकडच्या अनेक घरांचा अनुभव आहे.

अशा या तालुक्यात, माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, दगडांचे एक संग्रहालय आहे. नाव 'गारगोटी'. नौदलात नोकरी केलेले के. सी. पांडे यांनी ते २००१ साली उभे केले. हे सरकारी संग्रहालय नव्हे. खनिजे गोळा करणे आणि विकणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच ते मांडले आहे. गेल्या हिवाळ्यात कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुले बरोबर घेऊन मी तेथे गेलो. ही मुले कार्यानुभवासाठी आमच्या तालुक्यातल्या खेड्यांत राहात होती. 'साहेब, दगड काय बघायचे?' असे एकाने गाडीत विचारलेच.

गारगोटी म्हणजे आपल्या लेखी बांधावर फेकायचा दगड, औताला आडवा आला की शिव्या खाणारा. येथे तोच दगड आणि त्याचे भाऊबंद काचेच्या कपाटात दिव्याखाली बसले आहेत. स्टिल्बाइटचे गुलाबी पंखे आहेत. ॲपोफिलाइटचे हिरवे स्फटिक आहेत, पाण्याने भरल्यासारखे नितळ. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुयांचे झुबके आहेत. ओकेनाइट पाहून तर मुले थबकली, कारण तो हुबेहूब फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा दिसतो. हात लावला तर मात्र बारीक तंतू मोडून जातात. आणि कॅव्हन्साइटचे गर्द निळे गोळे. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ओळखले गेले, पण जगातले त्याचे उत्तम नमुने निघाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतून. खडी फोडता फोडता!

ही संपत्ती आपल्याकडे आली कशी, हे थोडक्यात सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस थरावर थर पसरत गेला. भाकरी भाजताना पापुद्र्यात वाफ कोंडते, तशी त्या रसात वायूची बुडबुडे कोंडले. रस थिजला आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले गरम पाणी त्यांतून झिरपले आणि सावकाश, कणाकणाने, स्फटिक वाढले. बुडबुड्यांचे ठिपके असलेला हा खडक आपले विहीर खणणारे चांगला ओळखतात. त्याला ते मांजऱ्या म्हणतात. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्यासाठी डोंगर फोडताना असे नमुने निघाले आणि ते पार विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. म्हणजे या दगडाची किंमत परक्यांना दीडशे वर्षांपूर्वीच कळली होती.

आपल्याकडे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका गावी विहिरीत सुरुंग उडाल्यावर टोपलीएवढी पोकळी उघडली. आत पांढरे-गुलाबी गुच्छ. मजुरांनी पहारीने उपटले, निम्मे तेथेच चुरले. काही मुलांनी खेळायला नेले, एक देव्हाऱ्यात गेला. आठवड्याने बाहेरचा एक माणूस आला आणि उरलेले गोणीत भरून, चहापाण्याला पुरतील एवढे पैसे देऊन घेऊन गेला. मालकाला वाटले, चला, ढिगारा तरी हलका झाला.

जाणते लोक असे काढत नाहीत. पोकळी दिसली की सुरुंग थांबवतात, भोवतीचा खडक छिन्नीने किंवा करवतीने कापून नमुना खडकासकट बाहेर काढतात, पाण्याच्या बारीक धारेने धुतात. खनिज कोणते हे नजरेने ठरले नाही तर क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासून घेता येते. पण या सगळ्यापेक्षा एक साधी गोष्ट मोलाची असते. ती म्हणजे नमुन्याखालची चिठ्ठी. कोणते गाव, कोणती खाण, किती खोलीवर. चिठ्ठी हरवलेला नमुना दिसायला तोच असतो, पण अभ्यासकाच्या दृष्टीने तो मुका होतो आणि बाजारातही त्याचा भाव उतरतो.

चिठ्ठीचे महत्त्व मुलांना पटावे म्हणून मी त्यांना पिसदुऱ्याची हकीकत सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातले हे गाव. तेथल्या शेतांत नांगरटीनंतर ढेकळांबरोबर वेडेवाकडे दगडी गोळे वर येतात. ते आहेत डायनोसॉरच्या काळातल्या विष्ठेचे जीवाश्म. म्हणजे शेणच म्हणा ना, दगड झालेले! आपल्या शास्त्रज्ञांनी ते फोडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पानांत असतात तसे गारेचे अतिसूक्ष्म कण सापडले. २००५ साली हे प्रसिद्ध झाले आणि त्या काळीही गवत होते, हे मोठे प्राणी ते खात होते, हे जगाला मान्य करावे लागले. २०११ साली त्यापुढची पायरी आली. त्यांतले काही कण भाताच्या कुळातल्या गवताचे निघाले. कोणी हे गोळे गावाचे नाव न लिहिता पोत्यात भरून नेले असते, तर ते कोणत्या थरातले, किती जुने, हे कशावरून ठरवले असते?

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा प्रश्न मला बांधावर वारंवार विचारला जातो. यांतली बरीच खनिजे झिओलाइट या गटातली आहेत. तापवल्यावर दगड फसफसतो म्हणून १७५६ साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिले. क्लिनोप्टिलोलाइट नावाचा झिओलाइट अमोनियाच्या रूपातले नत्र आणि पालाश धरून ठेवतो व पिकाला हळूहळू देतो, हे खरे आहे. हलक्या, वाळूसर जमिनीत त्याचा उपयोग होऊ शकतो. पण ते खत नव्हे. आपल्या भारी काळ्या जमिनीतल्या चिकणमातीत ही धरून ठेवण्याची शक्ती मुळातच भरपूर आहे. तेव्हा 'एका पोत्यात जमीन सुधारा' असे कोणी सांगत आले तर आधी माती तपासून घ्यावी आणि मग खिशात हात घालावा. विहिरीतले स्फटिक कुटून शेतात टाकण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

परत आल्यावर मुलांनी आपणहून एक काम अंगावर घेतले. राहात होती त्या गावातल्या विहिरींची वही. खणणाऱ्या म्हाताऱ्यांना गाठून त्यांनी प्रत्येक विहिरीचा थर विचारला. माती किती, मुरूम किती, मांजऱ्या कोठून लागला, तांबडा थर आला का, पाषाण किती फुटांवर, पाझर कोणत्या बाजूने. ढिगाऱ्यातल्या दगडांचे फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. जागा मोबाइलवरून नोंदली. ओळखण्याच्या खुणाही घरगुतीच होत्या. चाकूने ओरखडा उठला तर ती गारगोटी नव्हे. पूड करून लिंबू पिळल्यावर फसफसली तर कॅल्साइट.

ही वही दगडांसाठी सुरू झाली, पण तिची खरी गरज पाण्याला आहे. मांजऱ्या झिजून मऊ झाला असेल तर पाणी धरतो. त्याच्या पोकळ्या खनिजांनी गच्च भरलेल्या आणि खडक ताजा असेल तर फारसे देत नाही. काळ्या पाषाणात पाणी येते ते फटींतूनच. तांबडा थर म्हणजे एक लाव्हा संपून दुसरा सुरू झाल्याची खूण, आणि पुष्कळदा पाझर त्याच्या आसपास दिसतो. शेजारच्या चार विहिरींचे थर कागदावर असतील तर पाचव्या विहिरीचे कर्ज काढण्यापूर्वी विचार करता येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक गावात येतात तेव्हा त्यांनाही नेमकी हीच माहिती हवी असते, आणि ती सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. आमच्या वहीत दोन विहिरींपुढे नुसती मालकाची नावे आहेत. खणणारे वारले आणि ढिगारा रस्त्याच्या भरावात गेला.

कोणाच्या विहिरीत अशी पोकळी उघडलीच, तर पहार बाजूला ठेवावी, आधी फोटो काढावा, खोली मोजून लिहावी आणि नमुना कापडात गुंडाळावा. विकण्यासाठी म्हणून मुद्दाम उत्खनन करायचे असेल तर मात्र प्रथम तहसील कचेरीत चौकशी करावी, त्याला परवानगी लागते. सिन्नरला शाळेची सहल न्यायची झाल्यास संग्रहालय आणि गोंदेश्वर एका दिवसात आरामात होते. मुलांना आपल्या शिवारातला एकेक दगड, गावाच्या नावाच्या चिठ्ठीसह, बरोबर आणायला सांगावे.