शेवटच्या पानापासून

सरकारी कचेरीत काही वर्षे काढली की माणसाला एक खोड जडते. कागद हाती आला की तो आधी शेवटचे पान उलटतो. कारण मुख्य मजकुरात आश्वासने असतात आणि शर्ती परिशिष्टात. आमच्या या खोडीची घरी पुष्कळ थट्टा होत असे. पण गेले वर्षभर आमचा भाचा परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रके आणून आमच्यापुढे टाकतो आणि म्हणतो, "मामा, तुमच्या पद्धतीने वाचा."

भाचा सांगलीचा, अभियांत्रिकीचा पदवीधर. गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि मुनिरक्यास आमच्याकडे राहतो. संगणकशास्त्राची पुढील पदवी परदेशात घ्यावी, असे त्याने मनाशी घेतले आहे. मुनिरका ही वस्तीच अशा बेतांना पोषक. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका संपल्या की जुने गाव लागते. तेथे गल्लीवर ओणवलेल्या उंच घरांतून खोली-खोलीत मणिपूरपासून बिहारपर्यंतचे विद्यार्थी दाटीने राहतात. शेजारी बेरसरायला पुस्तकांची दुकाने. पायी जाण्याच्या अंतरावर जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. संगणकशास्त्र तेथे १९७० नंतरच्या दशकापासून शिकवितात. मेट्रोने दुसऱ्या स्थानकावर उतरावे तो आय. आय. टी. ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडावयाचा ती अशी दाराशी बसलेली आहे, हे आम्ही एकदा भीत भीत सुचविले. उत्तर आले, "मामा, तिथे शिरण्यापेक्षा कोलंबियाला जाणे सोपे!"

कोलंबियाचे नाव निघाले की मराठी माणसास १९१३ साल आठवावे, हे ओघानेच आले. बडोदे संस्थानाने डॉ. आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती उगीच नव्हे. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. मुदत सरली तेव्हा, १९१७ साली, लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. शर्ती तेव्हाही होत्या आणि कडक होत्या. परंतु तो करार संस्थान आणि विद्यार्थी यांच्यातला. त्यात आईबापांचे राहते घर गुंतलेले नव्हते.

आज ते गुंतते. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास सरकारी बँका साधारणतः स्थावर तारण मागतात, आणि अमेरिकेतील एका वर्षाच्या शुल्कासही ती रक्कम बहुधा पुरत नाही. शिक्षण चालू असता आणि त्यापुढे वर्षभर हप्ता भरावा लागत नाही, ही सवलत खरी. व्याज मात्र त्या काळातही चढतच असते. ताईचे सांगलीचे घर मेहुण्यांनी निवृत्तीच्या पैशांतून पुरे केले. २०१९ च्या पुरात त्याच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढले होते. रंग दिला तरी भिंतीवरची रेघ अजून दिसते. तेच घर आता तारण ठेवावयाचे आहे.

म्हणून आम्ही क्रमवारीच्या याद्या बाजूस सारल्या. विद्यापीठ जगात कितवे, हे त्यांत असते; विद्यार्थ्यास तेथे किती दिवस राहू देतील, हे नसते. अमेरिकेची गंमत अशी की तेथील शिक्षण खात्याने प्रत्येक अभ्यासक्रमास एक वर्गांक दिलेला आहे. पदवीनंतर बारा महिने काम करण्याची परवानगी असते. तो वर्गांक विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तरच आणखी चोवीस महिने. नावाने सारखे दिसणारे दोन अभ्यासक्रम दोन वर्गांकांखाली नोंदलेले असू शकतात. कोट्यवधींच्या इमारती, नोबेलविजेते प्राध्यापक, आणि मुलाचे भवितव्य एका वर्गांकावर! हे वाचून आम्हाला कचेरीत बसल्यासारखे वाटले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क जाहीर झाले; घरात दोन दिवस जेवणावर वासना नव्हती. ऑक्टोबरात खुलासा निघाला की तेथेच राहून विद्यार्थी-परवान्यावरून बदल मागणाऱ्यास ते लागू नाही. आधी हुकूम आणि मागाहून खुलासा, ही रीत आपल्याच खात्याची आहे असा आमचा समज होता.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नाही, ही कीर्ती ऐकून ताई हरखली. तीही परिशिष्टासह वाचावी लागते. राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून वर्षाचे ११,९०४ युरो आधी गोठविलेल्या खात्यात दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरून नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले, एम्. एस्सी.साठी ते सत्राला चार ते सहा हजार युरोंपर्यंत जाते. तरीही हा हिशेब आमच्या आवाक्यात बसतो. अडचण भाषेची. वर्गात इंग्रजी चालेल. पण नोकरी शोधताना आणि वाण्याकडे जर्मनच हवी. बदलीच्या गावी भाषा नसली की काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

अखेर आम्ही भाच्याला एकच प्रश्न घालून दिला. समजा, परवाना संपला आणि परत यावे लागले, तर पुण्यातल्या पगारातून हप्ता फिटेल काय? ज्या नावापुढे उत्तर 'नाही' येईल ते यादीतून काढावे, विद्यापीठ कितीही थोर असो. त्याला हे भ्याड वाटले. "जायच्या आधीच परत यायचे काय बोलता, मामा?" असे म्हणून तो रात्रभर रुसून बसला. त्याचेही खोटे नाही. परतीचे तिकीट हातात धरून कोणी मोठे झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पण सकाळी त्याने लेखणी घेतली आणि अकरातली सात नावे स्वतःच खोडली. त्यांत कोलंबियाही गेले. ते खोडताना हात थोडा थांबला, हे आम्ही पाहिले आणि वर्तमानपत्रात डोके घातले.

उरलेल्या चारांत दोन जर्मनीची आहेत, दोन अमेरिकेतील राज्य-विद्यापीठांची. या दोहोंत प्रबंध लिहिण्याची सोय असल्याने प्राध्यापकाच्या हाताखाली काम मिळून शुल्क उतरण्याची थोडी आशा आहे. अर्जांची तयारी चालू आहे; संध्याकाळी आठपासून तो जर्मन शिकतो आणि आमची धाकटी त्याच्याबरोबर अंक म्हणते. ताईने घराचे कागद अजून बँकेत दिलेले नाहीत. आधी कुठून होकार येतो ते कळू दे, असे तिने कळविले आहे.