जुन्या गाडीच्या पाणवाटा

पावसात उभ्या असलेल्या गाडीवरचे सगळेच पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जात नाही. बरेचसे पत्र्याच्या आत शिरते, आणि ते शिरणार हे गाडी बनवतानाच गृहीत धरलेले असते. पुढच्या काचेखालची पन्हळ, सनरूफची चौकट, दरवाज्यांची पोकळी, डिकीच्या कडा अशा प्रत्येक ठिकाणी आलेले पाणी खाली सोडायला भोके किंवा नळ्या ठेवलेल्या असतात. गाडी जुनी होते तशा या वाटा पालापाचोळा, धूळ आणि शेवाळ यांनी बुजतात. मग तुंबलेले पाणी कार्पेटपर्यंत पोहोचते.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. पुढच्या काचेने आडवी व्यापलेली जागा अंदाजे १ चौरस मीटर धरली, तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यावरून १०० लिटर पाणी खालच्या पन्हळीकडे येते. कोकणपट्टीत जुलैमध्ये असा दिवस नवलाचा नसतो. एवढे पाणी दोन्ही टोकांच्या लहानशा भोकांतून जायचे असते. त्यांतले एक जरी बुजले तरी पाण्याची पातळी चढू लागते.

येथे वर्णन केलेली गाडी प्रस्तुत लेखकाची आहे : २००९ सालची, सनरूफ असलेली सेडान, ठाण्यातल्या एका सोसायटीत गुलमोहराखाली उभी राहणारी. तिच्या पाणवाटा लेखकाने स्वतःच मोकळ्या केल्या. पहिली तक्रार कुबट वासाची होती. सकाळी काचा आतून वाफाळलेल्या असत. डाव्या पुढच्या सीटसमोरची रबरी मॅट वरून कोरडी दिसे, पण ती उचलून कार्पेट दाबले की बोटांभोवती गढूळ पाणी जमे. एका गॅरेजने काचेच्या कडेने सिलिकॉन भरून दिले. त्याने काही फरक पडला नाही, कारण काचेची बैठक मुळात शाबूतच होती.

म्हणून दुरुस्तीआधी पाणी कोणते ते ओळखावे लागते. एसीचे पाणी स्वच्छ असते आणि कोरड्या दिवशीही एसी चालवल्यावर येते; त्याची खाली उतरणारी नळी तुंबलेली असते. हीटरमधून गळणाऱ्या कूलंटला गोडसर वास असतो व काचेवर तेलकट थर धरतो. पावसाचे पाणी मातकट असते आणि गाडी नुसती उभी असतानाही वाढते. पावसाचेच आहे असे ठरले की तांब्याने सावकाश पाणी ओतून एकेक जागा तपासावी, खालून सुरुवात करून वर जावे. प्रेशर पंप वापरू नये; तो धड रबरामधूनही पाणी आत घुसवतो आणि निदान चुकते.

काचेखालच्या पन्हळीपासून सुरुवात करणे सोयीचे. तिच्यावरचे प्लास्टिकचे जाळीदार झाकण काढायला आधी वायपरचे हात काढावे लागतात. वायपर काचेवर जिथे टेकतो तिथे चिकटपट्टी लावून खूण केली की परत बसवताना अंदाज चुकत नाही. जुन्या झाकणाच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात आणि हमखास तुटतात. चार-पाच नव्या आधीच आणून ठेवाव्यात. झाकणाखाली गुलमोहराचा सगळा मोसम साठला होता : वर वाळलेल्या पाकळ्या, त्याखाली जाळीतून सहज गळणारी बारीक पाने, आणि तळाशी त्यांचे कुजून झालेले काळे, दाट खत. डाव्या टोकाचे भोक दिसतच नव्हते. शेजारीच ब्लोअरचे हवा घेण्याचे तोंड होते आणि चिखलाची रेघ त्याच्या काठापर्यंत चढलेली होती. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत ब्लोअर बहुधा डाव्या बाजूला असतो. पाणी नेमके डाव्या सीटसमोर का, याचा उलगडा तिथे झाला.

हा गाळ नळीच्या धारेने ढकलू नये. तो भोकात जाऊन आणखी घट्ट बसतो. आधी हाताने उपसावा, मग ब्रश फिरवावा आणि शेवटी पाणी ओतावे. भोकाच्या खालच्या टोकाला पुष्कळदा चपट्या तोंडाची रबरी नळी असते. ती चिमटीत दाबली की ओठ उघडतात आणि अडकलेला गाळ सुटतो. या गाडीत पुढच्या चाकामागून आधी काळे गोळे पडले, मग कोऱ्या चहासारखे पाणी आले आणि शेवटी स्वच्छ धार लागली. केबिनचा एअर फिल्टर भिजून बुरसटला होता, तो बदलावा लागला.

सनरूफच्या काचेभोवतीचे रबर पाणी पूर्ण अडवत नाही. आत आलेले पाणी चौकटीतल्या खाचेत जमते आणि सामान्यतः चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली जाते. पुढच्या नळ्या काचेशेजारच्या खांबांतून उतरतात, मागच्या मागील खांबांतून. त्या साफ करायला गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी चांगली. तिचे टोक घासून गोल करावे आणि अडेल तिथे जोर न लावता फिरवत न्यावे. टोकदार तार नळीला भोक पाडते. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली तर नळी वरच्या तोटीतून निसटू शकते आणि पाणी छताच्या अस्तरात उतरते. प्रत्येक कोपऱ्यात थोडे पाणी ओतून ते खाली तेवढ्याच वेगाने येते का, ते पाहावे.

दरवाज्यात पाणी काचेच्या बाहेरच्या बीडिंगमधून शिरते आणि तळाच्या कडेला असलेल्या भोकांतून निघते. भोके बुजली की दार लावता-उघडताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो, आणि पत्रा खालच्या दुमडीपासून गंजू लागतो. धुळीइतकेच अँटी-रस्ट कोटिंगही याला कारणीभूत ठरते. फवारणी करताना भोकांवर फासलेला थर नंतर कोणी काढत नाही. या गाडीत मागच्या दोन्ही दारांत तसेच झाले होते. भोकात केबल टाय किंवा लाकडी काडी घालावी, स्क्रूड्रायव्हर नको. रंग खरवडला की तिथेच गंज धरतो. दारांखालच्या उंबऱ्याची भोके आणि पेट्रोलच्या झाकणाभोवतालच्या वाटीतले छिद्रही त्याच वेळी पाहून घ्यावे. डिकीत स्टेपनी उचलून तळ हाताने चाचपावा.

वाटा मोकळ्या झाल्या तरी आत मुरलेले पाणी राहतेच. कार्पेटखाली जाड फोम असतो. वरचा थर सुकला तरी तो आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्यासाठी कार्पेट उचलावे लागते आणि बहुधा सीटही काढावी लागते. सीटखाली पिवळे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे असतात. अशा वेळी आधी बॅटरीची वायर काढून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. तशी तयारी नसेल तर हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे. फोम पिळून, खाली वर्तमानपत्रे घालून आणि ती बदलत राहून सुकवता येतो. फोमखालचा पत्रा उघडा पडलेला असतानाच गंज तपासावा. वरवरचा असेल तर घासून प्रायमर लावता येतो. भोक पडले असेल तर डेंटिंगवाल्याकडून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यावा लागतो.

झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची ही सफाई मे महिन्याच्या अखेरीस, मृग लागण्याआधी करावी. तोवर गुलमोहराचा बराचसा फुलोरा गळून गेलेला असतो. भर पावसाळ्यात एकदा बॉनेट उघडून जाळीवरचा पाला काढावा आणि दारांची भोके पाहावीत. सनरूफच्या नळ्यांना वर्षातून एकदा पाणी ओतून पाहणे पुरते.