चौकावरचें छप्पर

जुनें घर पाडावें कीं राखावें, हा वाद ज्या कुटुंबांत एकदां तरी झाला नाहीं, असें कुटुंब आपल्या समाजांत विरळाच असेल. थोरल्यांस भिंतींचा लोभ, धाकट्यांस सोयींची हौस. आणि गळक्या कौलांखालीं रोज भांडीं मांडावीं लागतात त्या घरांतील स्त्रियांस दोन्ही पक्षांचा सारखाच कंटाळा! राखणारे बहुधा भावनेनें बोलतात व पाडणारे हिशेबानें. या दोहोंची सांगड घालून एखादी वास्तु कशी राखतां येते, याचें एक मोठें उदाहरण आम्हांस परदेशीं पाहावयास मिळालें. तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त हॉलंडांत ॲम्स्टरडॅम येथें राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही तेथें गेलों होतों. त्या शहराच्या बंदरांत, पाण्यांत भर घालून केलेल्या जागेवर, एक प्रचंड चौकोनी इमारत उभी आहे. इ. स. १६५६ मध्यें आरमाराचें कोठार म्हणून ती बांधली गेली. डॅनिएल स्टालपार्ट हा तिचा रचनाकार. चिखलांत ठोकलेल्या लांकडी खांबांवर तिचा सारा भार आहे. शिडें, दोरखंड, निशाणें, हत्यारें असें युद्धनौकांस लागणारें सामान येथें भरलेलें असे. १७९१ मध्यें मोठी आग लागून आंतील सारें जळालें. भिंती तेवढ्या उरल्या. पुढें ती पुन्हां उभारली गेली, आणि विटांवर गिलावा चढवून तिला दगडी इमारतीचें रूप देण्यांत आलें.

त्या देशाच्या दर्यावर्दी इतिहासाचीं साधनें जमविणारी एक संस्था १९१६ मध्यें निघाली होती, व १९२२ मध्यें तिनें आपलें संग्रहालय दुसऱ्या एका घरांत उघडलें होतें. तें संग्रहालय १९७३ मध्यें या कोठारांत आलें. पण कोठार हें माल ठेवण्यासाठीं बांधलेलें; हजारों माणसांच्या वर्दळीची तेथें सोय कोठून असणार? चार बाजूंस चार सोपे आणि मध्यें उघडा चौक! आपल्याकडील कोणीही पाहून म्हणेल कीं, हा तर चौसोपी वाडाच. या सोप्यांतून त्या सोप्यांत जावयाचें तर मध्यें पाऊस आडवा. आणि त्या देशांत पाऊस कांहीं चार महिन्यांचा पाहुणा नव्हे. शेवटीं २००७ मध्यें इमारत दुरुस्तीसाठीं बंद केली, व २०११ मध्यें ती लोकांस पुन्हां खुली झाली.

या दुरुस्तींत चौकावर कांचेचें छप्पर घालण्यांत आलें. लोरां ने या बेल्जियन स्थापत्यविशारदानें त्याची आंखणी जुन्या सागरी नकाशांवरून केली. अशा नकाशांवर दिशा दाखविणाऱ्या रेषांचें एक जाळें पसरलेलें असे; तेंच जाळें त्यानें पोलादांत उतरवून त्यांत कांच बसविली. पूर्वीं खलाशी ज्या रेषांवरून मार्ग शोधीत, त्यांच्या सांवल्या आतां चौकाच्या फरशीवर पडतात. आम्हांस विशेष आवडलें तें हें, कीं येथें नव्यास जुन्याचें सोंग दिलेलें नाहीं. भिंती सतराव्या शतकांतल्या, छप्पर एकविसाव्यांतलें. दोघेंही आपापलें वय लपवीत नाहींत, आणि तरीही एका कुटुंबांतल्यासारखीं नांदतात.

बाहेर धक्क्याला एक तीन डोलकाठ्यांचें जहाज बांधलेलें आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचें ‘ॲम्स्टरडॅम’ हें जहाज १७४९ मध्यें पहिल्याच सफरीवर इंग्लंडच्या किनाऱ्याशीं, हेस्टिंग्जजवळ, रुतलें. त्याची ही १९८५ ते १९९० या काळांत बांधलेली प्रतिकृति. लहान मुलें तिच्यावर आनंदानें बागडतात. परंतु आमच्या मनांत तेथें कांहीं निराळेंच विचार आले. जायफळ त्या काळीं जगांत केवळ बांदा बेटांवर होत असे. त्या मालाची मक्तेदारी मिळविण्यासाठीं याच कंपनीनें १६२१ मध्यें तेथील बहुतेक वस्तीची कत्तल केली, कांहींना गुलाम केलें, कांहींना देशोधडीला लावलें. आपल्या पुरणपोळींत पडणाऱ्या चिमूटभर जायफळामागें एवढा इतिहास उभा आहे!

घरीं परतल्यावर हा वृत्तान्त आम्हीं सांगितला तेव्हां आमचे थोरले बंधु म्हणाले, “त्यांची इमारत, त्यांचा पैसा, त्यांनीं राखली. पण आपल्या वेंगुर्ल्याची वखार तरी राखण्याजोगी आहे काय? ती परक्यांचीच कीं!”

प्रश्न रास्त होता. याच डच कंपनीनें विजापूरकरांच्या परवानगीनें १६३७ मध्यें वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांस येथून रसद मिळे. आम्हीं लहानपणीं ती पाहिली तेव्हां तिच्यावर छप्पर नव्हतें, आणि भिंतींतून झाडें डोकावत होतीं. आम्ही उत्तर शोधीत होतों, इतक्यांत वहिनी स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाल्या, “भावोजी, वखार परक्यांची खरी; पण तिचे दगड कोणीं वाहिले? तांदूळ, मिरें कोणाच्या पडावांतून आलें? त्या माणसांची आठवण ठेवायला दुसरी जागा आहे का कुठें?”

दादा यावर कांहीं बोलले नाहींत. आणि आमच्याहि मनांतला गुंता सुटला. वास्तु राखणें म्हणजे तिच्या धन्याची स्तुति करणें नव्हे. ज्या घरांत पराक्रम आणि पातक या दोहोंचा हिशेब मांडतां येतो, तें घर नुसत्या कौतुकाच्या घराहून अधिक मोलाचें. पण हिशेब मांडण्यास वही शिल्लक हवी. ॲम्स्टरडॅमचें कोठार टिकलें, कारण आगीनंतरही त्याला कांहींना कांहीं काम होतें. वेंगुर्ल्याच्या वखारीचें काम संपलें आणि मग छप्पर गेलें. आपल्या वाड्यांचेंहि असेंच होतें. वारस पुष्कळ असतात, पण राहणारा कोणी नसतो. आणि चूल विझली कीं वाळवी येते.

म्हणून जुन्या घराविषयीं घरांत वाद निघेल तेव्हां ‘पाडावें कीं राखावें’ हा प्रश्न आधीं विचारूं नये. ‘उद्यां सकाळीं येथें कोण काय करणार?’ हा आधीं विचारावा. मुलांची शाळा, गांवचें वाचनालय, एखादें संग्रहालय, कांहींही असो. त्याचें उत्तर मिळालें, तर छपराचा खर्च जड वाटत नाहीं. न मिळालें, तर नुसत्या रंगरंगोटीनें कोणतीहि भिंत फार दिवस उभी राहत नाहीं.