आजोबांची दुनळी

आज संध्याकाळी जिंतूरहून परभणीला येताना रस्त्याकडेच्या ज्वारीत रोह्यांचा कळप दिसला. गाडीच्या उजेडात डोळे लकाकले, आणि आजोबांची दुनळी आठवली.

निजामाच्या राजवटीत त्यांनी शिकार केलेली. गप्पांत फुशारकी भरपूर. पण बंदूक हातात आली की हा माणूस एकदम निमूट. बांध ओलांडायचा तर आधी ती मोडून दोन्ही काडतुसं खिशात. बोट चापाच्या कडीबाहेर. कुणी "रिकामी हाय" म्हटलं तरी नळ्या स्वतः डोळ्यांनी बघणार. अंधारात नुसत्या सळसळीवर बार कधीच नाही. ज्वारीत हलतंय ते डुक्कर असेल, नाहीतर राखणीला आलेलं कुणाचं पोर! नेमाच्या पलीकडे कुणाचा आखाडा आहे, हेही ते दिवसाच पाहून ठेवत.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि त्यांची शिकार संपली. काळवीट तर पहिल्याच अनुसूचीत. पीक नासणारं जनावर मारायलाही लेखी परवानगी लागते. पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना तेवढ्याला पुरत नाही. शेजारी वैतागतो, "मग पेरायचं काय रोह्यांसाठीच?" त्याचा राग खोटा नाही. पण काहीजण कुंपणात वीज सोडतात, त्याची मला बंदुकीपेक्षा भीती वाटते. तार काही थांबून बघत नाही.

निवडणूक लागली की दुनळी पोलीस ठाण्यात जमा व्हायची. पावती आजोबा घडी घालून पंचांगात ठेवायचे. एक अजून तिथेच आहे.